निळ्याची वेसण

डोळे खाली लावायचे आणि एकमेकांपासून लांब. एवढं जमलं की कोणतंही जनावर गोड दिसतं, मग ते रव्याच्या लाडवाचं असो की कापडाचं. जयाला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती करत गेली, चुकत गेली, आणि वर्षभरात दिग्रसमध्ये कुणाच्या लेकराचा वाढदिवस निघाला की लोक म्हणू लागले, "तांड्यावरच्या जयाताईले फोन लाव ना." पेढ्याची कोंबडी, खोबऱ्याच्या लाडवाचं अस्वल, आणि प्रत्येकाबरोबर त्याच तोंडवळ्याचं एक मऊ खेळणं, हाताने शिवलेलं, पोटात कापसाची रुई भरलेलं. खाऊ एका घासात संपतो, खेळणं उशाशी राहतं. तिचे डबे एसटीने पार पुसदपर्यंत जायचे.

हे सगळं सुरू झालं ते मात्र एका लेकराने जेवण सोडलं म्हणून.

जयाचा नवरा जीवन ट्रक चालवायचा. इकडून कापसाच्या गाठी भरून गुजरातकडे जायचा आणि येताना मीठ आणायचा. या घरात त्याचं कुणाला नवल नव्हतं. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठच आणायचे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्याचा फोन आला, "मीठ भरून राह्यलो. चार दिवसात येतो. राखीले सांग." त्यानंतर फोन बंद. समुद्रकाठच्या मिठागरातून गाडी भरून निघाली एवढं समजलं. तिथून पुढे ना गाडी, ना ड्रायव्हर. पोलिसांनी फोटो नेला, मालक दोनदा जाऊन आला. एवढा मोठा सोळा चाकांचा ट्रक, सुईसारखा हरवला!

राखी तेव्हा साडेतीन वर्षांची. "जेव" म्हटलं की म्हणायची, "बाबा आल्यावर." दोन महिन्यांत पोरीच्या हाताच्या काड्या झाल्या. यवतमाळला नेऊन सलाईन लावावं लागलं. घरी आणल्यावर एका सकाळी जयाने भाकरीला डोळे लावले, पापडाचे कान खोचले, आणि राखी हसली. कान खाल्ला. मग भाकरी खाल्ली. जया चुलीसमोर बसून ओक्साबोक्शी रडली.

खुंटीवर जीवनचा निळ्या चौकड्यांचा शर्ट राहिला होता. तो कापून तिने पहिला बैल शिवला, वीतभर लांबीचा. पिवळी शिंगं, जाड लोकरी नमद्याचे पांढरे खूर, पाठीवर दोन बाजूंना गोणपाटाच्या दोन चिमुकल्या गोण्या. राखीने त्याचं नाव ठेवलं निळ्या. आणि नियम काढला: आधी निळ्या जेवणार, मग मी. लाडू आधी निळ्याच्या तोंडाला लावायचा, मग राखीच्या. त्यात एका दिवसाचाही खंड पडला नाही. एक खोड तेवढी बापाची होती. जीवन शिऱ्यातले बेदाणे वेचून ताटाच्या कडेला ठेवायचा. राखीही लाडवाचं आख्खं तोंड खायची आणि बेदाण्याचे दोन डोळे ताटलीत तसेच सोडायची.

घरात तिसरी होती जीवनची आई, मानीबाई. तिला सगळेच याडी, म्हणजे आई, म्हणत, नातसुद्धा. नजर अधू झालेली, पण बोटं अजून शाबूत. निळ्याच्या कपाळावरची कवडी तिनेच दिली होती, आपल्या जुन्या ओढणीची उसवून. बैल शिवून झाला तेव्हा तिने तो मांडीवर घेऊन चाचपला. नाकाशी येऊन बोट थांबलं.

"येसन कुठी हाय याची?"

"नाही घातली, याडी. लोंबता दोरा लेकराच्या गळ्यात अडकते. लहान पोरायच्या खेळन्याले दोरी ठेवत नाई."

"बैलाले येसन नाई?"

"खेळन्यातला हाय वो थो."

मानीबाईने बैल एकदा उलटापालटा केला आणि परत दिला.

यंदा श्रावणात एका बालवाडीच्या वैष्णवी मॅडमचा फोन आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात, घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. मागच्या वर्षी एका पोराच्या पायाच्या बोटावर लाकडी बैल पडला, नख गेलं. म्हणून मॅडमला या वर्षी मऊ बैल पाहिजे होते, चोवीस, आणि प्रत्येकाबरोबर बैलाच्या तोंडाचा लाडू. जयाने आनंदाने हो म्हटलं. नमुन्याचा एक बैल पाठवला, तो पसंत पडला, आणि ती कामाला लागली.

पोळ्याला दहा दिवस होते. पुढच्या खोलीत एक लांब फळी होती. तिच्यावर तयार झालेले बैल ती ओळीने उभे करायची, तोंडं खोलीकडे, म्हणजे फोटो काढायला बरे. एका सकाळी सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती.

"राखी, कोनं फिरवले हे?"

"फिरले," राखी म्हणाली आणि दात घासायला गेली.

जयाने ते पुन्हा सरळ केले. पोरखेळ, दुसरं काय. दुपारी पाहिलं तर पुन्हा भिंतीकडे. राखी तेव्हा अंगणवाडीत होती.

जया काही उठसूट घाबरणारी बाई नव्हती. बी.कॉम. झालेली होती, पाककृतीतसुद्धा ग्रॅम मोजणारी होती. तिने कपडे बेतायचा खडू घेतला आणि फळीवर प्रत्येक बैलाच्या चार पायांभोवती रेघ ओढली. निळ्याला आतल्या खोलीत राखीच्या अंथरुणावर ठेवलं. मग राखीला आणि मानीबाईला घेऊन, दाराला कुलूप लावून ती दिग्रसच्या बाजारात गेली. बेदाणे घेतले, काजू घेतले, पिवळं कापड घेतलं. परत आली तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं. कुलूप जसंच्या तसं. तिने दार उघडलं.

खडूच्या रेघा रिकाम्या होत्या. प्रत्येक बैल आपल्या रेघेपासून बोटभर पुढे सरकला होता आणि सगळ्यांची नाकं भिंतीला टेकली होती. आणि निळ्या, जो आतल्या खोलीत होता, तो ओळीच्या सगळ्यात पुढे उभा होता.

तिने फोनमधलं होकायंत्र लावलं. पश्चिम, थोडी उत्तरेला. भिंतीवर त्या जागी फक्त एक कॅलेंडर होतं. भिंतीपलीकडे कपाशीचं वावर, वावरापलीकडे रस्ता. तिच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर ती भीती नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा डोकावणाऱ्या लेकरासारखी ती उभी होती, तोंडावर हात ठेवून.

संध्याकाळी वैष्णवी मॅडमचा फोन आला.

"जयाताई, एक विचारू? हसू नका हं. तो नमुन्याचा बैल... त्याच्यात सेल वगैरे काही टाकलाय का?"

"नाही मॅडम. नुसती रुई हाय."

"नाही म्हणजे, मी कपाटावर ठेवते तर रोज सकाळी फाटकापाशी असतो. तोंड रस्त्याकडे. घरात तर लहान कोणी नाही आमच्या." मग मॅडम स्वतःच हसल्या. "जाऊ द्या. मांजर ओढत असेल."

"मांजरच अशीन," जया म्हणाली. दोघींनाही ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती निळ्याचे खूर धुवायला बसली, कारण राखी त्याला पांघरुणात घेते. खुरांना काहीतरी लागलं होतं. आपल्याकडची माती काळी, चिकट. हे पांढुरकं होतं, खरखरीत, वाळून पोपडा धरलेलं. तिने नखाने थोडं खरवडलं आणि मानीबाईच्या तळहातावर ठेवलं. म्हातारीने ते जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले.

"मीठ हाय," ती म्हणाली. "घरचं नोय हे. पान्याचं, समुंदराचं हाय. माहा आजा सांगे, त्या मिठाले वास असते."

"याडी, हे कसं शक्य हाय?"

"बिन येसनीचा बैल हाय थो, पोरी. येसन असली की बैल धन्याच्या हाती राह्यते. नसली की आपल्या मनानं चालते. ज्याचा हाय त्याच्याकडं जाते."

"हा कोनाचा हाय?"

मानीबाईने निळ्या चौकडीवर बोट ठेवलं. "तुले माहीत नाई?"

जयाच्या हातातला ब्रश बादलीत पडला.

"बाकीचे त्याच्या मागं चालले," म्हातारी म्हणाली. "ओळीनं. गोन्या लादून लदेनीचे बैल असेच चालत. तू थे उद्या लेकरायच्या हाती देशीन. एखादं लेकरू बैलामागं निघालं म्हंजे? त्यायले येसन घाल."

"आन् निळ्याले?"

"थे तू पाह्य," असं म्हणून मानीबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

जयाने चोवीस बैलांना वेसण घातली. लोंबता दोरा नको म्हणून लाल दोऱ्याचे चार टाके, नाकात घट्ट बसवलेले, कुठे अडकायला जागा नाही. पंचविसावी वैष्णवी मॅडमच्या नमुन्याला, तो तिने मागवून घेतला होता. एकेक बैल ती टाके घालून फळीवर ठेवत गेली, तोंड खोलीकडे. सकाळी सगळे खोलीकडेच पाहत होते. आता ती नुसती खेळणी होती, गोड, डोळे खाली लावलेली.

राहिला निळ्या.

दीड वर्षात जे पोलिसांना जमलं नाही, मालकाला जमलं नाही, ते रुई भरलेला बैल करणार होता? तिला स्वतःचं हसू आलं. मग हसू गेलं. खरोखरच गेला आणि आलाच नाही तर? आधी निळ्या, मग राखी. निळ्या नाही तर राखीचं तोंड पुन्हा बंद. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पोरीचं वजन आता उतरू द्यायचं नाही. एका पारड्यात नवरा, दुसऱ्यात लेक, आणि मध्ये हे चार टाके. तिने सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

राखी दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, लेकरं ऐकतातच.

"मम्मी, नको घालू. थो बाबाले आनाले चालला ना."

"आन् तू जेवशीन कशी?"

"राहीन ना मी उपाशी," पाच वर्षांची पोर म्हणाली. "मले चालते."

जयाने सुई ठेवून दिली. निळ्याच्या एका गोणीत आवळ्याएवढा लाडू घातला, बैलाच्या तोंडाचा, काजूची शिंगं, बेदाण्याचे डोळे. प्रवासाला निघणाऱ्याबरोबर ती नेहमीच काहीतरी बांधून द्यायची. दुसरी गोणी रिकामीच ठेवून तिचं तोंड टाके घालून शिवलं. मग त्याला बाहेर ओट्यावर उभं केलं आणि आपण आत जाऊन कणीक मळायला लागली. पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार होती. तांड्यात बैल धुणं चाललं होतं, पोरं ओरडत होती. कणीक मळून तिने बाहेर पाहिलं.

ओटा रिकामा होता.

त्या दिवशी राखी जेवली नाही. पोळ्याच्या दिवशीही नाही. पुरणपोळीला डोळे लावले, कान लावले, नाक लावलं. राखीने ताटली दोन्ही हातांनी हळूच सरकवली. रडली नाही, रुसली नाही. "निळ्या आल्यावर," एवढंच म्हणाली. तो शब्द ऐकून जयाचं काळीज लक्कन हललं. माझ्या हाताने मी हे केलं, असं म्हणत ती दिवसभर घरात आतबाहेर करत राहिली. मानीबाईला म्हणाली, "तुम्ही काहून नाई सांगतलं मले, निळ्याले येसन घाल म्हनून?"

"माहा एकच पोरगा हाय त्या वाटेवर," मानीबाई म्हणाली. "माह्या तोंडातून कसं निंघन थे?"

तान्ह्या पोळ्याला बालवाडीच्या अंगणात चोवीस लेकरं चोवीस बैल घेऊन फिरली. लाडवांची शिंगं मोडली, डोळे मातीत पडले, एका पोराने आपला लाडू बैलाच्या तोंडात कोंबून बैल चिकट केला. वैष्णवी मॅडम आनंदल्या होत्या. राखीही ओळीत चालली, हातात काहीच नसताना मूठ धरून, जणू मुठीत कासरा आहे. चालता चालता एकदा तिचा तोल गेला. जयाने तिला उचललं तेव्हा पोर कापसाच्या पेळूसारखी हलकी लागली.

ऑटोतून दोघी तांड्यावर परतल्या. बारा वाजले असतील. ऊन होतं, कालपासून पावसाचा थेंब नव्हता. मानीबाई ओट्याच्या पायरीवर बसली होती.

ओट्यावर निळ्या उभा होता.

तोंड घराकडे होतं.

निळा रंग उन्हाने विटून राखाडी झाला होता. पोट खपाटीला गेलं होतं. कपाळावरची कवडी नव्हती. खूर झिजून आतली रुई बाहेर आली होती. वीतभर जनावर, पण कुठून कुठे चालून आलंय असं पाहणाऱ्याला वाटावं. जया पायरीवरच बसली. तिने आपोआप हात जोडले.

राखीने त्याला उचललं नाही. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आला तू?"

जयाने एक गोणी उघडली. लाडू नव्हता. तळाशी दोन बेदाणे होते.

फक्त दोन.

दुसरी गोणी जड होती. टाके तिचेच होते, तिच्याच हातचे, एकही उसवलेला नव्हता. तिने कात्रीने ते कापले. ओंजळीत मीठ पडलं, जाड, ओलसर, करड्या रंगाचं. त्याला वास होता.

मीठ भरून राह्यलो. चार दिवसात येतो.

आणि मग तिची नजर नाकाकडे गेली.

निळ्याला वेसण होती.

ट्रकची ताडपत्री बांधतात त्या हिरव्या नायलॉनच्या दोरीचा एक धागा, नाकातून ओवून शिंगांमागे बांधलेला. गाठ डावखुरी होती. तीन वेढे, आणि शेपूट उलटं आत खोचलेलं. जीवन असंच बांधायचा, ताडपत्री असो, राखीच्या झोक्याची दोरी असो की तिच्या झबल्याचा बंद. दुसऱ्या कुणाला ती गाठ यायची नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून जया ती दातांनी सोडत आली होती आणि त्याला शिव्या देत आली होती.

"याडी," ती म्हणाली. तिने निळ्याला म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. "याडी, हे पाहा."

मानीबाईने गाठ बोटांनी चाचपली. एकदा. दोनदा. तिने ती गालाला लावली आणि पहिल्यांदा, दीड वर्षात पहिल्यांदा, ती मोठ्याने रडली.

"सुटलेला बैल सापडला की मानूस त्याले येसन घालते आन् घरी धाडते," रडणं थांबल्यावर ती म्हणाली. "वाटेत भटकू नये म्हनून. आता हा कुठी जात नाई."

"आन् थो? थो काहून नाई आला संगं?"

मानीबाईने जयाच्या ओंजळीतलं मीठ आपल्या पदरात घेतलं, एक खडाही सांडू दिला नाही, आणि आत जाऊन बरणीत भरलं.

जया कात्री घेऊन बसली होती. एवढा एक धागा कापायचा. कापला की निळ्या पुन्हा निघेल, आणि या वेळी ती त्याच्या मागून निघेल, चालत, कुठेही. तिने पातं गाठीखाली घातलं. पण ज्याने ही बांधली त्याला काय हवं होतं, ते गाठीत घट्ट बसवलेलं होतं. बैल घरात राहू दे. कुणी मागे येऊ नका.

आजीमागोमाग आत गेलेल्या राखीचा आवाज आला. "मम्मी, निळ्यानं एक खाल्ला. आता मले दे. मले दोन पाह्यजे."

जयाने कात्री ठेवली आणि लाडवांचा डबा घेऊन आत गेली. राखीने तीन खाल्ले. ताटलीत सहा बेदाणे राहिले.

त्या दिवसापासून निळ्या जिथे ठेवला तिथेच राहतो. जयाने त्याच्यात नवी रुई भरली, खुरांना नवा नमदा लावला, कपाळावर दुसरी कवडी लावली. राखी आता पोटभर जेवते, भाकरीला डोळे नसले तरी. वेसणीला मात्र कुणी हात लावत नाही.

दिवाळीत जयाने अंथरूण-पांघरूण काढून अंगणात टाकलं, त्याबरोबर निळ्यालाही कडक उन्हात ठेवलं, सलग चार दिवस. गोधड्या कुरकुरीत झाल्या, उशा फुलल्या, निळ्याचं पोट तापून गरम झालं. चौथ्या संध्याकाळी तिने त्याला आत आणताना गाठीवरून अंगठा फिरवला.

गाठ ओली होती. अंगठ्याला त्याच मिठाचा वास लागला.